तीस इंचांचा हात

जुनं कंपाउंड धनुष्य विकत घ्यायला जाताना खिशात कापसाचा बोळा असावा. हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून माझं पहिलं धनुष्य तिसऱ्या दिवशी मोडलं.

ते मी शहरातल्या एका गहाणवटीच्या दुकानातून नव्वद डॉलरला आणलं होतं. दुकानदार म्हणाला होता, ‘एकदम चांगल्या स्थितीत आहे.’ दिसायलाही चांगलंच होतं. वरून झाडाच्या सालीसारखी नक्षी, चाकं स्वच्छ. गोठ्यामागं गवताच्या गठ्ठ्यावर पुठ्ठा लावला आणि दोरी ओढली. अर्ध्यात आली असेल-नसेल, तोच वरचं पातं कडाडलं. एक कुसळ भुवईत घुसलं. बोटभर खाली लागलं असतं तर हा लेख मी एका डोळ्यानं लिहिला असता.

आवाज ऐकून शेजारी कुंपणापाशी आला. त्यानं आधी माझा डोळा पाहिला, मग धनुष्य. मोडलेल्या पात्यावर नख फिरवत म्हणाला, ‘ही चीर जुनीच आहे. कुणीतरी बाण न लावता रिकामी दोरी सोडलीय.’ रिकामी दोरी सोडली की बाणात जायची ती सगळी ताकद धनुष्यातच परत शिरते; पाती चिरतात, चाकं वाकतात, आणि वरून काही दिसत नाही. म्हणून कापूस. पात्याच्या कडांवरून बोळा हलक्या हातानं फिरवायचा, जिथं तंतू अडकेल तिथं चीर. मग ते धनुष्य फुकट दिलं तरी घ्यायचं नाही.

(या पात्याला इंग्रजीत ‘लिंब’ म्हणतात. आमच्या मोहोळकडं लिंब म्हणजे दारातलं झाड, त्यामुळं पहिले काही दिवस मला या भाषेचं हसू यायचं.)

आम्ही राहतो मिझुरी राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात, ओझार्कच्या डोंगराळ भागाच्या कडेला. गवताळ रानं, गाई, चुनखडीचे दगड, मधूनमधून ओकची झाडी. आमची अकरा एकर. हरणं इतकी, की पहिल्या वर्षी लावलेला घेवडा आणि भेंडी आम्ही खाल्लीच नाही. शेजारी दरवर्षी सप्टेंबर लागला की दारात यायचा, टोपी काढून विचारायचा, ‘या वर्षी बसू का?’ आमच्या ओढ्याकाठच्या ओकवर त्याचं मचाण बांधलेलं होतंच, तरी विचारायचा. हरीण मिळालं की मांसाची पुडकी आणून द्यायचा, प्रत्येकावर मार्करनं तारीख आणि कुठला भाग ते लिहिलेलं. शेवटच्या वर्षी त्याला दम लागायला लागला. शिडीखाली उभा राहून वर बघत म्हणाला, ‘पुढच्या वर्षी तूच बस.’ म्हणून मी धनुष्य शोधायला निघालो होतो.

आमच्या घरात माळ होती. वडील वारीला जायचे. ज्वारीत काळविटांचा कळप शिरला की ते गोफण फिरवायचे. दगड मात्र कळपाच्या डोक्यावरून जाईल असाच सोडायचे. मी पुण्याला शिकायला गेल्यावर मांस खायला लागलो ते त्यांना कळलं होतं, बोलले नाहीत. धनुष्याचं मात्र मी आईला फोनवर सांगितलं नाही.

शेजाऱ्याच्या गराजमध्ये भिंतीवर एक फार जुनं कंपाउंड टांगलेलं होतं. लाकडी मूठ, दोन टोकांना लहान चाकं, आणि दोरीच्या जोडीला प्लास्टिक चढवलेल्या पोलादी तारा. ते तो वापरत नसे, विकतही नसे. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, ‘हे इथलंच आहे. बिलिंग्जचं.’ बिलिंग्ज म्हणजे आमच्यापासून मोटारीनं पंधरा मिनिटांवरचं गाव. हायवे साठवरचं, धान्याची कोठारं असलेलं, चटकन मागं पडणारं. मला वाटलं हा थट्टा करतोय. जगभर जे यंत्र हजारो कारागीर बनवतात ते या गावात कसं जन्मेल?

पण ते खरंच तिथलं आहे. होलिस विल्बर ॲलन हा बिलिंग्जचा माणूस. साठच्या दशकात तो साध्या, टोकांना बाक असलेल्या रिकर्व्ह धनुष्यानं हरणाची शिकार करायचा. दोरीचा आवाज कानावर आला की हरीण दचकून खाली बसतं, आणि बाण पाठीवरून निघून जातो. बाण अधिक वेगानं जायला हवा. वेग हवा तर धनुष्य ताठ हवं. ताठ धनुष्य ओढून धरायला पैलवान हवा. या तिढ्यात कित्येकजण अडकले होते. ॲलननं रिकर्व्हची टोकं करवतीनं कापली आणि तिथं चाकं बसवून पाहिली. जून १९६६ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला, डिसेंबर १९६९ मध्ये ते मिळालं.

चाकांची गंमत अशी, की आस चाकाच्या मधोमध नव्हता, एका बाजूला होता. साध्या धनुष्यात जितकं ओढावं तितकं ते जड होत जातं. पन्नास पौंडांचं असेल तर गालापर्यंत आणल्यावर बोटांवर पुरे पन्नास पौंड असतात. हात थरथरायला लागतो, दोन-तीन सेकंदांत सोडावंच लागतं. आस बाजूला असलेल्या चाकावर मात्र दोरी उलगडताना मध्येच सगळ्यात जास्त जोर लागतो, आणि ते वळण ओलांडलं की ओझं एकदम उतरतं. ऊस भरलेली गाडी चढावर बैलांचा जीव काढते आणि माथ्यावर आली की जू हलकं होतं, तसंच. फरक एवढाच, की इथं माथ्यावर थांबता येतं. या हलकं होण्याला शिकारी ‘लेट-ऑफ’ म्हणतात. मी मनाशी त्याला सूट म्हणतो. सुरुवातीच्या धनुष्यांत ही सूट निम्म्याच्या आसपास होती. आता ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त असते. म्हणजे साठ पौंडांचं धनुष्य पुरतं ओढून धरलं तर हातावर दहा-बारा पौंड उरतात, तांदळाच्या पिशवीएवढे.

ॲलनकडं कल्पना होती, पण धंद्याची वाट ठाऊक नव्हती. कॅलिफोर्नियात धनुष्यं बनवणारे टॉम जेनिंग्ज यांच्यापर्यंत ती पोहोचली आणि त्यांनी ती उचलून धरली. परवाना घेऊन बनवायला लागले, लोकांना पटवायला लागले. पटवणं सोपं नव्हतं. जुन्या तिरंदाजांनी नाकं मुरडली. धनुष्य म्हणजे लाकूड, दोरी आणि माणसाचा दंड. चाकं लावली तर ते यंत्र, धनुष्य नव्हे. हा राग कुठून आला ते समजून घ्यायला हवं. अमेरिकेत धनुष्यानं शिकार करण्याची जी आधुनिक हौस आहे तिचं मूळ इशी नावाच्या माणसापर्यंत जातं. याही जमातीचा हा एकटा उरलेला माणूस १९११ मध्ये कॅलिफोर्नियात ऑरोव्हिल गावाजवळ सापडला. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर सॅक्सटन पोप त्याच्याकडून धनुष्य करायला आणि हरणाच्या मागं जायला शिकले. इशी १९१६ मध्ये क्षयानं गेला. पोप यांनी १९२३ मध्ये या विद्येवर पुस्तक लिहिलं आणि शहरातली सुखवस्तू माणसं हातानं धनुष्य तासायला लागली. विस्कॉन्सिननं १९३४ मध्ये धनुर्धाऱ्यांना हरणांच्या शिकारीचा वेगळा हंगाम दिला. या लोकांच्या दृष्टीनं अवघड असणं हीच त्या खेळाची किंमत होती. पोपच्या नावानं चालणाऱ्या पोप अँड यंग क्लबनं पासष्ट टक्क्यांहून जास्त सुटीच्या धनुष्यानं मारलेली हरणं कित्येक वर्षं आपल्या नोंदवहीत घेतलीच नाहीत. २००४ मध्ये घ्यायला लागले, तेही नावापुढं फुली मारून.

माझा शेजारी या वादावर थुंकायचा. तो पहाटे चारला गाई पिळायचा, दिवसभर गवत कापायचा. ‘ज्याला रोज दोन तास सराव करायला वेळ आहे त्यानं लाकडाचं वापरावं,’ म्हणायचा. कंपाउंडमुळं हंगामाआधी तीन आठवडे संध्याकाळी वीस-वीस बाण मारले तरी माणूस नीट नेम धरू शकतो. अर्धवट नेमाचा बाण पोटात लागलेलं हरीण रात्रभर झाडीत मरत पडतं, ते त्याला बघवायचं नाही. मला त्याचं म्हणणं पटतं. पोप-यंगवाल्यांचंही थोडं पटतं, पण थोडंच.

ॲलन १९७९ मध्ये मोटार अपघातात गेला. तोवर शिकाऱ्यांच्या हातात बहुतेक याच जातीचं धनुष्य आलं होतं. आता त्याचं नाव स्प्रिंगफील्डच्या तिरंदाजी संग्रहालयात गौरवलेल्यांच्या यादीत आहे. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे दोघंही जगज्जेते झाले, ते याच धनुष्यावर. मी ती बातमी शेजाऱ्याला दाखवली होती. त्यानं सतरा वर्षांच्या मुलीच्या फोटोतल्या धनुष्याच्या चाकावर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘बिलिंग्ज.’

यंत्र आलं, पण मारायला हरणं होती का, हा दुसरा हिशेब. आज या राज्यात दहा लाखांवर हरणं आहेत, त्यामुळं कुणाला खरं वाटत नाही. पण १९२५ मध्ये संपूर्ण मिझुरीत अंदाजे ३९५ उरली होती. बाजारासाठी मारलेली, कुत्र्यांनी पळवून मारलेली, रान तोडून बेघर केलेली. राज्यानं शिकार बंद केली, मिशिगनहून काही हरणं आणून सोडली, १९३७ मध्ये वन्यजीवांसाठी राजकारणापासून वेगळं खातं उभं केलं. मग १९४४ पर्यंत मध्ये एक गोळी नाही. त्याच १९३७ साली देशानं कायदा केला, की बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठीच खर्चायचा. १९७२ च्या दुरुस्तीनं धनुष्यबाणही त्यात आले. अकरा टक्के. हा कर कारखान्यातून माल निघतानाच लागतो, म्हणजे जुनं धनुष्य घेणारा तो भरत नाही. पहिल्या मालकानं किमतीत भरलेला असतो.

१९७२ म्हटलं की आमच्याकडं दुष्काळच आठवतो. खडी फोडायची कामं, सुकडी. पण आपला वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच सालचा. त्यानं काळवीट वाचलं. नान्नजच्या माळावर आज कळप दिसतात. फासेपारध्याचं मात्र पोट त्याच कायद्यानं गेलं, आणि ज्यांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलं त्यांच्या पदरात बदल्यात काही पडलं नाही. इथं शिकाऱ्यालाच हरणाचा राखणदार केलं. आमच्याकडं त्याला रानाबाहेर काढलं. इथल्या लोकांना मी हे कौतुकानं सांगायला गेलो, पण आमच्या कुंपणानं तोंड बंद केलं. आमच्या जुन्या कुंपणाचे खांब हेजच्या झाडाचे आहेत. पिवळं, दगडासारखं लाकूड, शंभर वर्षं जमिनीत कुजत नाही. त्याला इथं ‘बोडार्क’ही म्हणतात, मूळ फ्रेंचात धनुष्याचं लाकूड. ओसेज लोक त्याची धनुष्यं करायचे. हा सगळा मुलूख त्यांचा होता. १८०८ आणि १८२५ च्या करारांनी तो त्यांच्याकडून गेला, आणि ते पश्चिमेला ढकलले गेले. राखणदार नेमण्याआधी इथंही कुणाला तरी बाहेर काढलेलंच होतं.

शेजारी फेब्रुवारीत गेला. मे महिन्यात त्याच्या बायकोनं गराजमधलं सामान विकायला बाहेर मांडलं. करवती, दूध काढायच्या यंत्राचे सुटे भाग, बाटल्या, आणि एका टेबलावर त्याचं धनुष्य. भिंतीवरचं जुनं नव्हे, रोजचं वापरातलं. त्यावर चिकटपट्टीवर लिहिलेलं: ७५.

मी खिशातून कापूस काढला. बाई बघत होत्या. चारही पात्यांवरून फिरवला. कुठं अडकला नाही. चाकं वरून-खालून बघितली, वाकलेली नव्हती. दोरी मात्र केसाळ झालेली, बदलावीच लागणार. पात्याच्या आतल्या बाजूला कारखान्याचं लेबल होतं: ताण ५० ते ६० पौंड, ओढ ३० इंच.

ओढ म्हणजे दोरी किती मागं येते ते. साधं धनुष्य कुणीही कमी-जास्त ओढू शकतो. कंपाउंडचं तसं नाही. ते चाकांच्या आकारानं एका ठिकाणी येऊन थांबतं, आणि ते ठिकाण मालकाच्या हाताचं असतं. दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंत मोजायचं आणि अडीचनं भागायचं. शेजारी सव्वासहा फुटी. पंचाहत्तर इंच भागिले अडीच, तीस. माझे साडेसदुसष्ट, म्हणजे सत्तावीस. तीस इंचांचं धनुष्य मी ओढलं तर हात खांद्यामागं जातो, दोरी कानाच्या पाठीमागं, आणि डोळा दोरीतल्या भोकापर्यंत पोहोचतच नाही. दुसऱ्याचा सदरा घालता येतो, दुसऱ्याचं धनुष्य नाही.

मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी लेबल वाचलं. म्हणाल्या, ‘तीसच. त्याच्या शर्टाच्या बाह्या नेहमी आखूड पडायच्या. चांगला शर्ट म्हणून मिळाला नाही कधी.’

मी गावातल्या धनुष्यदुरुस्तीच्या दुकानात फोन लावला. तो म्हणाला, चाकावर स्क्रूनं बसणारे छोटे तुकडे असतात, ते बदलले की ओढ कमी होते. या मॉडेलचे सत्तावीसचे त्याच्याकडं निघतील. आणि पाती चांगली असतील तर हे धनुष्य दोनशेपेक्षा कमी कुणाला देऊ नका म्हणावं. फोन ठेवल्यावर क्षणभर मी गप्प राहिलो. पंचाहत्तर लिहिलेलं होतं, मी काही लबाडी करत नव्हतो. आधीच दोरी आणि तुकड्यांचे शंभर-सव्वाशे जायचे होते. मग सांगितलं. बाईंनी पेन मागितलं, ७५ खोडलं, २०० लिहिलं आणि चिकटपट्टी माझ्यापुढं केली. मी दोनशे दिले.

दुकानदारानं धनुष्य दाबयंत्रात घातलं, दोरी उतरवली, चाकावरचे तीसचे तुकडे काढून सत्तावीसचे लावले. तुकड्यांखाली धातू नवा कोरा होता, बाकी सगळीकडं वापरानं पुसट झालेला. ताण पन्नासवर आणला. नव्या दोरीत डोळ्याचं भोक माझ्या गालाच्या मापानं बांधलं. काढलेले तुकडे त्यानं कागदाच्या पुडीत दिले. मी ते बाईंना नेऊन दिले. त्यांचा नातू चौदाचा आहे, वाढतोय.

पंधरा सप्टेंबरला हंगाम उघडला. चौथ्या दिवशी संध्याकाळी मचाणाखालून एक मादी आली, वीस यार्डांवर ओढ्याकडं तोंड करून उभी राहिली. मी दोरी ओढली. माथ्यावर आल्यासारखी ती हलकी झाली, आणि मी थांबलो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लाकडाच्या धनुष्यावर हातच तुमच्या वतीनं ठरवतो. दोन सेकंदांत सोडा नाहीतर उतरवा. इथं दहा पौंड धरून मी उभा होतो, मिनिटभर तरी असेन, आणि मादी कान हलवत पाणी पीत होती. गोफण आठवली. वडील दगड डोक्यावरून का घालवायचे हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. दोरी हळूच उतरवली. उतरवताना तो मधला चढ परत लागतो, हात खेचला जातो. पाय घासला, आवाज झाला, ती गेली.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक तरुण नर आला. पंधरा यार्डांवर, आडवा. या वेळी मी फार थांबलो नाही. तो साठ-सत्तर पावलं पळाला आणि हेजच्या खांबांपाशी पडला. रात्री दहाच्या आत खात्याला कळवावं लागतं, ते कळवलं. सोलायला मला साडेतीन तास लागले. शेजाऱ्याला पाऊण लागायचा. त्या रविवारी आईचा फोन आला तेव्हा सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग तिनं विचारलं, ‘मीठ-मसाला कुठला घातला?’

मांसाची सहा पुडकी बांधली, मार्करनं तारीख घातली, आणि दोन घेऊन बाईंकडं गेलो. त्यांनी गराजमधला आडवा फ्रीझर उघडला. वरच्या थरात मटार आणि मका होता. तो त्यांनी बाजूला केला. खाली गेल्या हंगामातली तीन पुडकी तशीच होती, त्याच्या अक्षरात. त्यांनी माझी दोन हातात घेतली, उलटून तारीख वाचली, आणि त्या तिन्हींना न हलवता शेजारी ठेवली. मग मटार परत वर रचले.